जुन्या साड्यांची अंथरायची वाकळ

आमच्या सातारा भागात गोधडीला वाकळ म्हणतात. आईने शिवलेल्या वाकळेचा एक कोपरा गेल्या दिवाळीच्या साफसफाईत उसवलेला दिसला आणि तो शिवण्याआधी मी सहज आत पाहिले. वर आईचे कोयऱ्यांचे वायलचे पातळ होते, त्याखाली आजीचे हिरवे नऊवारी लुगडे, मग वडिलांच्या धोतराचे दोन पदर, आणि सर्वांत आत आणखी एक विरलेली वाकळच घातलेली होती. जुनी वाकळ फेकायची नसते, ती नव्या वाकळेच्या पोटात जाते, हे लहानपणी ऐकले होते. प्रत्यक्ष पाहिले ते त्या दिवशी. भाचीचे बाळ नुकतेच रांगू लागले असल्याने त्याच्यासाठी फरशीवर अंथरायला अशीच एक वाकळ शिवायची, असे मी तेव्हाच ठरवले.

वाकळेचा मऊपणा शिवणाऱ्याच्या हातात जितका असतो, त्याहून अधिक तो कापडाच्या वयात असतो. नव्या सुती कापडात खळ असते आणि त्याचा धागा ताठ असतो. वर्षानुवर्षांच्या धुण्याने खळ निघून जाते, धागा सैलावतो आणि मग ते कापड अंगाला लागते. त्यामुळे नवे कापड आणून शिवलेली गोधडी दिसायला कितीही देखणी असली, तरी तिला हा स्पर्श यायला बरीच वर्षे जावी लागतात. मात्र जुने म्हणजे कुजलेले नव्हे. कापड दोन्ही हातांनी ताणून पाहावे. ते चर्रकन फाटले तर आतल्या थरात घालावे, टिकले तर वरच्या थरासाठी ठेवावे.

साडेपाच मीटरच्या एका साडीचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे निघतात आणि तिचा पन्हा साधारण पावणेचार फूट असतो, म्हणजे बाळाला लोळायला पुरेशा वाकळेचे तीन थर एकाच साडीत होतात. पांघरायला पाच थर पुरतात, पण फरशीवर अंथरायची असेल तर सात-आठ तरी हवेत. सर्वांत खाली मी जाड सुती चादर घेतली, कारण पातळ साडी गुळगुळीत फरशीवर सरकते. माझी पहिली वाकळ बिघडली ती मधल्या थरात सिंथेटिक साडी घातल्यामुळे. दोन धुण्यांतच ती साडी आतल्या आत सरकून एका बाजूला गोळा झाली आणि सगळे टाके उसवून ती मला काढावी लागली. तेव्हापासून आत सुतीखेरीज काहीही घालायचे नाही, हा नियम मी पाळते. जीन्सच्या जाड शिवणीही कापून टाकाव्यात, कारण त्यांत सुई मोडते.

थर एकावर एक अंथरून चारही कोपऱ्यांवर वजन ठेवावे आणि तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढत जावे. ही पायरी कंटाळून आटोपली तर पुढे वाकळेला कायमचा फुगा राहतो. मग वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकत्र धरावेत. खरा धावदोरा कडेपासून सुरू होतो, चारही बाजूंनी फिरत फिरत आत येतो आणि मध्यभागी संपतो. दोन ओळींत एका बोटाचे अंतर असावे. आठ थरांतून सुई काढताना बोट सोलवटते, म्हणून अंगुस्तान घालावे. वाकळेवरच मांडी घालून बसले की आपल्या वजनाने कापड ताणलेले राहते आणि सुईच्या एका फेकीत तीन-चार टाके येतात. मला रोज रात्री तासभर बसून एकवीस दिवस लागले. दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांशी आपण मजुरीसाठी घासाघीस करतो, ती मला आता सहन होत नाही.

पहिल्या धुण्यानंतर दोरा किंचित आटतो आणि टाक्यांच्या दोन ओळींमधले कापड फुगून बारीक लाटा उठतात. वाकळ मऊ आणि उबदार लागते ती या लाटांमुळेच, कारण त्यांच्यात आणि थरांच्या मध्ये हवा कोंडून राहते.

टी-शर्टसारखे होजियरीचे कापड वाकळेत नीट बसत नाही, ते ताणले जाते. त्याचे मी दोन-दोन इंचांचे पट्टे कापते. ते ओढले की कडा आपोआप आत वळतात आणि दुमडून शिवावे लागत नाही. तीन पट्ट्यांची वेणी घालून ती टेबलावर सपाट गोल गुंडाळत कडेने शिवली की उत्तम बसकर होते. वेणी हातात धरून, ओढून शिवली तर मात्र मध्यभाग टोपीसारखा वर येतो.

बाळाच्या वाकळेच्या वरच्या थराला मी माझी लिंबू रंगाची इंदुरी साडी घेतली. तिचा काठ अजून भक्कम होता, म्हणून तो कापून चारही बाजूंना गोट म्हणून लावला. आईच्या वाकळेचा उसवलेला कोपरा मात्र अजून शिवलेला नाही. भाची येईल तेव्हा तिला तिच्या पणजीचे लुगडे दाखवायचे आहे, आणि मगच तो बंद करायचा आहे.