नेट, नाटक आणि गुरुजींची सही

ज्यांना कॉलेजात नाटक शिकवायचं आहे त्यांनी नाट्यशास्त्र उघडण्याआधी कपाट उघडावं आणि आपलं लग्नाचं सर्टिफिकेट आहे का ते बघावं. बायकांनी तर आधी तेच करावं. पुस्तकं काय, कुठेही मिळतात.

मी वडोदऱ्यात एका शाळेत तासांवर नाटक शिकवते. शिकवते म्हणजे पंधरा ऑगस्ट, गॅदरिंग आणि कोणी पाहुणे आले की स्वागतगीत. एम. एस. युनिव्हर्सिटीतून नाट्यविषयात मास्टर्स करून बरीच वर्षं झाली होती. मध्ये लग्न, मुलगी, सासूबाईंचं आजारपण. मग कोणीतरी सांगितलं की यूजीसी-नेट (कॉलेजात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देऊन असिस्टंट प्रोफेसर म्हणून पात्र ठरायला वयाची अट नाही. जेआरएफला, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीला, आहे, 30 वर्षं, बायकांना पाच वर्षांची सवलत. ती गाडी माझी केव्हाच सुटली होती. मास्टर्सला 55 टक्के लागतात, राखीव गटांना 50. ते होते. विषयाचा कोड 65, परफॉर्मिंग आर्ट्स: डान्स, ड्रामा, थिएटर. तिघांना मिळून विषयाचा एकच पेपर. म्हणजे जन्मात घुंगरू न बांधलेल्या माणसालाही हस्तमुद्रा पाठ करणं आलं. त्यावर पुढे बोलते.

2024 च्या जून परीक्षेचा फॉर्म 20 एप्रिलला सुरू झाला. फोटो, सही, फी, सगळं एका बैठकीत झालं. अडलं ते नावाशी. फॉर्मात नाव दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे लिहायचं. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग बाबांचं नाव, आणि बाबांच्या नावाला शाळेतल्या कारकुनाने आपल्या मनाने 'भाई' जोडलेलं. आमच्या कोकणस्थ बाबांना घरी कोणी भाई म्हटलं असतं तर ते जेवले नसते. ते असो. आधार, पॅन, मतदार कार्ड मात्र सगळं सासरच्या नावाने. माहितीपुस्तिकेत लिहिलेलं होतं की लग्नामुळे नाव बदललं असेल तर परीक्षेच्या दिवशी मॅरेज सर्टिफिकेट किंवा नाव बदलल्याचा कायदेशीर कागद दाखवावा.

आमचं लग्न इथलंच, दांडिया बाजाराजवळच्या कार्यालयातलं. मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या, सगळ्या गावाने बघितलं. गुजरातेत 2006 च्या कायद्याने लग्नाची नोंद सक्तीची झाली आहे खरी, पण कोणी मागितल्याशिवाय त्या वाटेला जातो कोण? तर आता जाणं आलं.

कुठल्या कचेरीत ते लिहीत नाही. फॉर्मासोबत दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, आधार, लग्नाचा फोटो, कंकोत्री (आमच्या घरात पत्रिका म्हणतात, पण इथे कंकोत्री म्हटल्याशिवाय कोणाला कळत नाही), दोन साक्षीदार. एवढं सगळं मी फाइलीत लावून नेलं. खिडकीवरच्या भाईंनी एकेक पान उलटलं आणि एका रकान्यावर पेन ठेवलं.

"बेन, गोर महाराजनी सही बाकी छे."

लग्न लावणाऱ्या गुरुजींचं नाव, पत्ता आणि सही. आमचे गुरुजी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. तसं मी सांगितलं. भाईंनी मान हलवली, क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "तो एमना आधार कार्डनी कॉपी लावो."

गेलेल्या माणसाच्या आधार कार्डाने सही कशी होणार, हे मी त्यांना अगदी गोड आवाजात विचारलं. अभिनय शिकवण्याचा तेवढा फायदा. त्यांनी फाइल परत सरकवली आणि पुढच्याला हाक मारली.

मग साहेबांना भेटायचं ठरलं. साहेब मीटिंगमध्ये. पुढच्या खेपेला साहेब साइटवर. त्यानंतर कळलं की साहेब निवडणुकीच्या कामाला. गुजरातेत 7 मे ला लोकसभेचं मतदान होतं, आणि त्याच्या आधीचा-नंतरचा काळ म्हणजे कुठल्याही टेबलावर 'इलेक्शन पछी', इलेक्शननंतर, एवढंच उत्तर. तुम्हालाही कुठलं सर्टिफिकेट काढायचं असेल तर निवडणुकीचं वर्ष आहे का ते बघून घ्या. हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहिते.

कचेरीच्या बाहेर लिंबाच्या झाडाखाली एक एजंट बसतो. माझी फाइल लांबूनच ओळखून म्हणाला, "महाराज मारी पासे छे." म्हणजे त्याच्याकडे एक महाराज होते, आधार कार्डासकट, जे कोणाच्याही लग्नाची सही देत. माझ्या शेजारी बाकावर बसलेल्या दोन जोडप्यांची लग्नं त्याच महाराजांनी लावलेली निघाली, एकाचं पादरा गावात, दुसऱ्याचं डभोईत. नवरा म्हणाला, घे ना, कोण बघतंय. मी नाही घेतली. परीक्षेच्या दारात जो कागद दाखवायचा त्यावर खोटी सही नको, हे एक. आणि आमच्या गुरुजींनी मंगलाष्टकं म्हणताना 'सावधान' इतकं खणखणीत म्हटलं होतं की कार्यालयाबाहेरचे रिक्षावाले आत डोकावले होते. त्यांच्या जागी हा कोण?

त्या बाकावर माझा अभ्यास बाकी चांगला झाला. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायातले भाव एकूण 49: स्थायी 8, सात्त्विक 8, व्यभिचारी (म्हणजे येऊन जाणारे) 33. ते 33 क्रमाने पाठ असावेत, कारण मधलाच एखादा काढून 'यांतला कोणता नाही' असं विचारतात. मी निर्वेद, ग्लानी, शंका, असूया करत खिडकीकडे बघत बसायची. मनातलं चेहऱ्यावर दिसू न देणं म्हणजे अवहित्थ, तो तर खिडकीपुढे रोजच. मग हस्त, म्हणजे हाताच्या मुद्रा. नाट्यशास्त्रात असंयुत (एका हाताचे) हस्त 24, अभिनयदर्पणात 28. प्रश्नात ग्रंथाचं नाव वाचल्याशिवाय उत्तरावर जाऊ नका, तिथेच पाय घसरतो. पताक, त्रिपताक, अर्धपताक, कर्तरीमुख, मयूर असं मी ओढणीखाली बोटांनी करत होते, तर शेजारच्या काकांनी विचारलं, "बेन, सांधानो दुखावो छे?" त्यांनी मला एका तेलाचं नावही सांगितलं.

तर गुरुजी. त्यांचा मुलगा रावपुऱ्यात राहतो, भिक्षुकी करत नाही. त्याला फोन केला, त्याने मृत्यूचा दाखला तर काढून दिलाच, वर वडिलांच्या डायऱ्या दाखवल्या. गुरुजी प्रत्येक कार्याची नोंद ठेवत: तारीख, मुहूर्त, दोन्हीकडची आडनावं, गोत्रं, दक्षिणा. आमचं पान सापडलं. निळ्या शाईत सगळं नीट, आणि समासात बारीक अक्षरात, 'मुलीकडचे उशिरा'. माझ्या मामाची गाडी करजणला बंद पडली होती, त्याची ही सरकारी नसली तरी लेखी नोंद. नवरा ते पान बघून अजून हसतो.

त्या पानाची झेरॉक्स मी मोठ्या उमेदीने खिडकीवर ठेवली. "आ तो प्राइवेट डायरी छे." संपलं.

सुटका झाली ती अशी. इलेक्शन उरकल्यावर साहेबांच्या जागी एक बाई आल्या. त्यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली. मला खुर्ची दिली नाही, हसल्या नाहीत, काही नाही, फक्त वाचली. म्हणाल्या, तुमचं दोघांचं आणि साक्षीदारांचं नोटरी केलेलं सोगंदनामुं (प्रतिज्ञापत्र) आणा, मृत्यूचा दाखला आहेच. मी ते आणून दिल्यावर त्यांनी त्या रकान्यात स्वतःच्या पेनाने लिहिलं, 'मयत, दाखला सामेल', आणि खाली सही ठोकली. सगळा खेळ एवढ्या तीन शब्दांचा होता. इतके दिवस ते लिहायला कोणाचा हात धजत नव्हता. म्हणून सांगते: खिडकीवर 'नाही' ऐकलं की वाद घालत बसू नका, तुमची फाइल वाचू शकेल असा माणूस शोधा. आणि गुरुजी, काझी, पाद्री जे कोणी असतील ते हयात आहेत तोवर नोंद उरका. माझी एक मैत्रीण कथक शिकवते, तीही याच कोडखाली बसणार. तिचं लग्न पुण्यातलं, म्हणजे हे सगळं तिला तिकडे जाऊन करायचंय. तिला मी आधी पुण्याला पिटाळलंय.

सर्टिफिकेट हातात यायला मात्र वेळ होता आणि परीक्षा आली. तारीख आधी 16 जून होती, मग 18 जून झाली. सगळ्या विषयांची एकाच दिवशी, कागद-पेनाची. केंद्र अहमदाबादला. माझ्याकडे पावती आणि सोगंदनामुं. दारावर बाजूला उभं केलं, मोठ्या सरांना बोलावलं, हमीपत्र लिहून घेतलं आणि मग आत सोडलं. पेपर बरा गेला असं वाटत परत आले, आणि दुसऱ्या दिवशी ती परीक्षाच रद्द झाली. घरोघरी संताप, तोही रास्त. मीही सगळ्यांसोबत संतापले. पण खरं सांगायचं तर आतून मला बरं वाटलं. त्या हमीपत्राचं पुढे काय होईल याची धास्ती होती. फेरपरीक्षा 21 ऑगस्ट ते 4 सप्टेंबरमध्ये संगणकावर झाली, तोवर सर्टिफिकेट लॅमिनेट न करता (लॅमिनेट करू नका, काही ठिकाणी घेत नाहीत) प्लास्टिकच्या पिशवीत तयार होतं. माझा पेपर विश्वामित्रीच्या पुराआधी झाला हे नशीब. नंतर आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा सगळ्यांत आधी माळ्यावर गेली ती हीच पिशवी. केंद्रावर तपासणीच्या बाईंनी सर्टिफिकेट वरपासून खालपर्यंत वाचलं, अगदी मागची बाजूही उलटून पाहिली. मला इतका अभिमान वाटला की जणू मीच ते छापलं होतं.

अभ्यासाचं राहिलंच. दोन्ही पेपर सलग, तीन तास. पहिल्यात 50 प्रश्न, दुसऱ्यात 100, प्रत्येकी दोन गुण, चुकीला वजाबाकी नाही. एकही प्रश्न सोडू नका. पहिला पेपर सगळ्या विषयांना एकच, शिकवण्याच्या आणि संशोधनाच्या क्षमतेचा; तो नाटकवाले अंगावर काढतात आणि तिथेच मार खातात. दहा घटक, प्रत्येकाचे पाच प्रश्न. तक्ते आणि आकडेमोड मी मुलीकडून शिकले. प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत असतात. हिंदी वाचून गोंधळ झाला तर इंग्रजी बघा, वादात तेच धरतात.

विषयाच्या पेपरात जोड्या लावा आणि कालक्रम फार. भरताच्या रससूत्राचे चौघे भाष्यकार, लोल्लट, शंकुक, भट्टनायक, अभिनवगुप्त, आणि त्यांचे वाद झोपेतही सांगता आले पाहिजेत. संस्कृत नाटकाच्या कथानकाच्या पाच अवस्था, पाच अर्थप्रकृती, पाच संधी एकमेकांत मिसळतात. मी एकच नाटक घेऊन, शाकुंतल, त्यावर तिन्ही बसवले, मग मिसळले नाहीत. लोकनाट्यात आपल्याला दुहेरी फायदा. घरी तमाशातले गण, गवळण, बतावणी, वग माहीत. आणि इथे राहून गुजरातच्या भवाईचे वेश (म्हणजे तिच्यातले खेळ), भुंगळ हे लांब तुतारीसारखं वाद्य, रंगलो हा विदूषक, तिचे जनक असाईत ठाकर कानावरून गेलेले. महाराष्ट्रातल्या मुलांना भवाई पाठ करावी लागते. 1843 चं विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर, 1876 चा नाट्यप्रयोग कायदा, 1943 इप्टा (भारतीय जननाट्य संघ), 1953 संगीत नाटक अकादमी, 1959 एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) ही सनावळ भिंतीवर लावा. पाश्चात्त्यांत स्तानिस्लावस्की, मेयरहोल्ड, ब्रेख्त, आर्तो, ग्रोटोव्हस्की. कोणाचा कोणता सिद्धांत, एवढं पक्कं हवं.

आणि वडोदऱ्यात राहून हे ठाऊक नसेल तर लाज वाटावी: अभिनवभारती या अभिनवगुप्तांच्या टीकेसह नाट्यशास्त्र रामकृष्ण कवींनी संपादित केलं ते इथल्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये, पहिला खंड 1926 चा. जगभरचे अभ्यासक ज्याचे हवाले देतात तो खंड. मी क्लासच्या झेरॉक्स नोट्स बाजूला ठेवून दुसरा आणि सहावा अध्याय मूळ संहितेला धरून वाचला. विकृष्ट (आयताकृती), चतुरस्र (चौरस), त्र्यस्र (त्रिकोणी) हे नाट्यमंडप नकाशा काढून समजून घेतले तेव्हा कुठे डोक्यात बसले.

उत्तरतालिका आली की हरकत घेता येते, दर प्रश्नाला 200 रुपये, परत मिळत नाहीत. मी एका प्रश्नावर घेतली. 17 ऑक्टोबरला निकाल लागला. दोन्ही पेपर दिलेल्यांपैकी 6 टक्केच पात्र ठरवतात, त्यात नाव होतं. दहावीच्या मार्कशीटवरचं, आडनाव आधी. पेढे घेऊन त्या कचेरीत गेले. बाई म्हणाल्या, ऑफिसात मी काही घेत नाही. खिडकीवरच्या भाईंनी दोन घेतले.