मोका मूस आणि २२ हजार टाके

आमच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक जुनी उशीची खोळ आहे. तिच्यात लोकर असते. ती खोळ खाली आली की घरातले समजून जातात, आता काही दिवस हिच्याशी बोलताना मध्येच "थांब, चोवीस, पंचवीस, सव्वीस" असं ऐकून घ्यावं लागणार.

या खोळीत सहसा उरलेसुरले गुंडे असतात आणि त्यांतून जमेल ते मी विणते. पण २०२५ च्या जानेवारीत मी पहिल्यांदाच फॅशन बघून लोकर घेतली. निमित्त भाचीचं. रंगांना क्रमांक देणारी पँटोन नावाची कंपनी दर डिसेंबरात पुढच्या वर्षाचा रंग जाहीर करते. पहिला रंग होता २००० सालचा, सेरुलियन, स्वच्छ आकाशाचा निळा. भाचीने फोन माझ्या नाकासमोर धरला. "मावशी, हा बघ या वर्षीचा. मोका मूस."

"अगं, हा तर कॉफी!"

"कॉफी नाही गं. मोका मूस."

मला या नामकरणाची मोठी गंमत वाटते. २०२३ चा विवा मजेंटा म्हणजे थोडा तांबूसपणा चढलेला राणी. २०२४ चा पीच फझ म्हणजे अबोलीला दूध पाजून झोपवलेलं. आपल्याकडे रंगांची नावं काय कमी आहेत? मोरपंखी, आमसुली, डाळिंबी, शेवाळी, विटकरी, चिंतामणी. नाव घेतलं की डोळ्यांपुढे रंग उभा राहतो. मात्र विणायला बसल्यावर नाव कामाला येत नाही, गुंड्यावरच्या पट्टीवर छापलेला लॉट नंबर येतो, म्हणजे तो गुंडा कुठल्या खेपेत रंगवला त्याचा क्रमांक. एका रंगाच्या दोन गुंड्यांचे लॉट वेगळे असले तर हातात घेतल्यावर फरक कळत नाही. विणून झालं की मफलरच्या मध्यावर अशी सरळ रेघ दिसते, जणू कुणी अर्धा मफलर धुतला आणि अर्धा विसरला. तसे गुंडे पदरात पडलेच तर दोन ओळी एका गुंड्याने, दोन ओळी दुसऱ्याने, असं आलटून पालटून विणायचं. फरक मग सगळीकडे सारखा पांगतो.

तर मोका मूसचा मफलर. रुंदीला ४४ टाके घातले. लांबी गळ्याला दोन वेढे बसतील एवढी हवी, म्हणजे ५०० ओळी. गुणाकार करू नये, पण मी केला: २२ हजार टाके. आम्ही रंग दिसल्यावर विणायला बसतो, फॅशनचं गणित याच्या अगदी उलट चालतं. इंटरकलर म्हणून एक संस्था १९६३ पासून आहे. निरनिराळ्या देशांतले रंगाचे जाणकार तिथे जमतात आणि साधारण दोन वर्षांनी येणाऱ्या हंगामाचे रंग आज ठरवतात. धागा रंगवायचा, कापड विणायचं, कपडे शिवायचे, दुकानात पोचवायचे, याला तेवढा वेळ लागतोच. म्हणजे रंग आपल्याला "नवा" म्हणून दिसतो तेव्हा तो ठरवणाऱ्यांच्या लेखी जुना झालेला असतो. आणि आम्ही हाताने विणणारे त्यानंतर सुया हातात घेतो. वरातीमागून घोडं, आणि तेही लोकरीचं.

मफलर सप्टेंबरात संपला. टाके बंद केले, धागा ओवून टाकला, गळ्यात घालून आरशासमोर गेले आणि चेहऱ्याची रयाच गेली. रात्रभर जागून परीक्षेचा अभ्यास केल्यासारखे डोळे, गाल मातकट. घरातून विचारणा झाली, "बरं वाटत नाहीये का?" हा प्रश्न मफलरला उद्देशून होता हे विचारणाऱ्याला माहीत नव्हतं, एवढंच.

दोष रंगाचा नव्हता. सुईवर तो सुरेख दिसत होता. मला तेव्हा आठवण झाली मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर टांगायचे भारी विणीव पडदे तयार होत. १८२४ मध्ये हे गृहस्थ तिथल्या रंगखात्याचे प्रमुख झाले. तक्रार आली की तुमचा काळा रंग खोटा आहे, पडद्यात मरतुकडा दिसतो. त्यांनी दुसरीकडची काळी लोकर आणवून ताडून पाहिली. कारखान्याच्या काळ्यात काही खोट निघेना. खोट शेजारात होती! काळ्याला लागून निळ्या-जांभळ्या छटा विणल्या की त्या आपल्या विरुद्ध रंगाची झाक काळ्यावर टाकत आणि तो विटल्यासारखा दिसे. १८३९ मध्ये त्यांनी यावर आख्खा ग्रंथ लिहिला. स्वतः १०२ वर्षं जगले. रंगांच्या संगतीत राहण्याचा हा गुण की काय, कोण जाणे.

माझ्या तपकिरी मफलरचा शेजार काय होता? खाली राखाडी कोट, वर माझा चेहरा. तपकिरी म्हणजे शेवटी मंद केलेला नारिंगीच. राखाडीच्या पंक्तीला बसवला की तो आणखी गप्प होतो. त्याला बोलतं करायचं तर शेजारी निळ्या कुळातलं कुणीतरी हवं. हनुवटीखालची गोष्ट वेगळी. फोटोग्राफर लोक चेहऱ्याखाली पांढरा पुठ्ठा धरतात ना, म्हणजे खालून उजेड उसळून वर येतो आणि डोळ्यांखालची काळजी पुसली जाते? मफलर हाच तो पुठ्ठा. मी तिथे तपकिरी धरला होता.

उसवायचं धैर्य नव्हतं. उसवलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी होते. तिची लड करून भिजवा, वाळवा, मगच ती पुन्हा सरळ होते. त्यापेक्षा खोळ उपडी केली. कुणाच्या तरी बाळाच्या टोपीतून उरलेली मोतिया लोकर निघाली. मफलरच्या लांब काठावरून टाके उचलले आणि त्या मोतियाची बोटभर पट्टी विणली, वळल्यावर हनुवटीला तीच लागेल अशी. दोन्ही टोकांना मोरपंखी पट्टे जोडले.

पट्ट्यांच्या वेळी एक चूक होता होता वाचली. टोकांना एक सुलट, एक उलट अशी वीण होती. नवा रंग जोडून तसंच पुढे गेलं, की उलट टाक्यांच्या जागी जुना रंग ठिपक्यांसारखा डोकावतो, पट्ट्याची कड दातेरी दिसते. म्हणून रंग बदलला की पहिली ओळ सगळी सुलट विणायची आणि दुसऱ्या ओळीपासून पुन्हा आपली वीण सुरू करायची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन टोप्या बिघडवून कळलं आहे.

एकदा हात बसल्यावर मग टोपीही केली, आणि इथे माझं ठाम मत आहे: टोपी, मफलर, हातमोजे तिन्ही एकाच गुंड्यातून काढू नयेत. शाळेचा गणवेश दिसतो. मफलरवर पट्टे असतील तर टोपी साधी, पण तिच्या काठाच्या दोन ओळींत मफलरमधलाच मोरपंखी. एवढं नातं पुरे, सख्खी भावंडं कळतात. दोन रंग एकमेकांत विणायचे असतील तर गुंडे शेजारी ठेवून मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढावा. लाल आणि हिरवा आपल्याला केवढे वेगळे वाटतात, फोटोत पुष्कळदा दोन्ही एकच राखाडी निघतात. अशांची नक्षी चार पावलांवरून दिसतच नाही. आणि हे सगळं खिडकीपाशी, दिवसा. रात्री दिव्याखाली जमलेली जोडी सकाळी उजेडात ओळखही दाखवत नाही.

काहीजणी रंग निवडायची कटकटच ठेवत नाहीत. रोज एक ओळ विणतात, तापमान बघून. गार दिवस निळा, ऊबदार पिवळा, कडक उन्हाचा लाल. वर्षाच्या शेवटी ३६५ ओळींचा मफलर आणि त्यात सगळे ऋतू जसे आले तसे. मला हे आवडतं, जमणार नाही. एखादा दिवस बुडाला की पुढच्या दिवसांवरचा विश्वासच उडतो माझा.

मोतिया काठाचा मफलर नोव्हेंबरात पुरा झाला. डिसेंबरात पँटोनने २०२६ चा रंग जाहीर केला. क्लाउड डान्सर. पांढरा! खूप जणांनी नाकं मुरडली, पांढरा हा काय रंग झाला? भाची मात्र फोन न करता थेट घरी आली. मफलरचा काठ हातात धरून बघत राहिली.

"मावशी, तुला आधीच कसं कळलं?"

बाळाच्या टोपीचं मी काही बोलले नाही. "अंदाज असतो गं," म्हटलं. तिने मफलर गळ्यात घातला, आरशात बघितलं, आणि तो घालूनच गेली.

सध्या सुयांवर राखाडी आहे. २०२१ साठी पँटोनने दोन रंग निवडले होते, त्यांतला हा एक. पाच वर्षं जुना आहे, म्हणून निवांत विणते आहे.