दुखणे परतले ती तारीख

कमरेचा शेवटचा मणका त्याखालच्या त्रिकास्थीला स्क्रू आणि सळ्यांनी जोडण्याची माझी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डाव्या पायात पोटरीपर्यंत उतरणारी कळ दुसऱ्याच दिवशी थांबली. पुढचे सात महिने मी मोकळेपणाने चालले. आठव्या महिन्यात मात्र उजव्या बाजूला, कमरेच्या रेषेखाली ठणका सुरू झाला. खुर्चीतून उठताना आणि रात्री कूस बदलताना तो इतका वाढत असे की हात टेकून थोडे थांबल्याशिवाय मला उठता येत नसे. जिथे शस्त्रक्रिया झाली होती तिथे नवा एमआरआय काढला गेला, स्क्रू जागेवर आहेत आणि नस मोकळी आहे असे सांगण्यात आले, आणि निदान म्हणून कागदावर ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’ असे लिहिले गेले.

या शब्दांचा मला आजही राग येतो, कारण ते निदान नाही. शस्त्रक्रिया झाली आणि दुखणे उरले, एवढेच ते सांगतात. का उरले, याबद्दल ते काहीच बोलत नाहीत, आणि रुग्णाला मात्र वाटू लागते की आता सगळे संपले. तज्ज्ञांनाही हे नाव खटकत होते, म्हणून २०२१ मध्ये ‘पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम, टाइप २’ (म्हणजे शस्त्रक्रियेनंतरही टिकून राहिलेले मणक्याचे दुखणे) हे नाव सुचवण्यात आले. वेगवेगळ्या अभ्यासांत कमरेच्या शस्त्रक्रियेनंतर १० ते ४० टक्के रुग्णांचे दुखणे उरते असे आढळते. शस्त्रक्रिया कोणती होती आणि ‘दुखणे उरले’ असे कशाला म्हणायचे, यावर हा आकडा बदलत असल्यामुळे तफावत एवढी मोठी आहे.

नंतर मी ज्या वेदनातज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले, त्यांनी फिल्म उजेडाला धरण्याआधी दोनच प्रश्न विचारले : दुखणे नेमके कधी परतले, आणि ते जुन्यासारखेच आहे की वेगळे? या प्रश्नांचे महत्त्व मला तेव्हा समजले. शुद्धीवर आल्यापासून जुनीच कळ तशीच असेल, तर नसेवरचा दाब पुरता निघाला नाही, चुकीच्या पातळीवर शस्त्रक्रिया झाली, किंवा दुखण्याचे मूळ पहिल्यापासूनच दुसरीकडे होते, अशी शंका घ्यावी लागते. काही काळ पूर्ण आराम मिळून एके दिवशी पायातली कळ अचानक परतली, तर दोन मणक्यांमधल्या चकतीचा तुकडा पुन्हा सरकला असण्याची शक्यता अधिक. तीच कळ काही महिन्यांत हळूहळू वाढत गेली, तर नसेभोवतीच्या व्रणाचा, म्हणजे जखम भरताना तिथे तयार झालेल्या घट्ट ऊतीचा, विचार होतो. जोडलेले हाड एकजीव झाले नसेल तर हालचालीबरोबर कंबर दुखते, आणि काही वर्षांनी त्रास झाला तर जोडलेल्या भागाच्या वरचा मणका झिजला आहे का, हे पाहतात. ताप, झपाट्याने घटणारे वजन, पायातली वाढती दुर्बलता, जांघेतला बधिरपणा किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही दिसले, तर मात्र विचार करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

तपासण्या या प्रश्नांच्या मागून येतात. व्रण आणि पुन्हा निसटलेली चकती यांतला फरक ओळखण्यासाठी गॅडोलिनियम हे औषध शिरेतून देऊन एमआरआय करतात. व्रणात रक्तपुरवठा असल्याने तो उजळतो, चकतीचा तुकडा सुरुवातीला उजळत नाही. हाड जुळले की नाही हे सीटी स्कॅनमध्ये अधिक स्पष्ट दिसते. परंतु केवळ चित्रावर विसंबणे धोक्याचे आहे : २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाठदुखीची कोणतीही तक्रार नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या वयातल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या होत्या.

माझ्या बाबतीत उत्तर एमआरआयमध्ये नव्हतेच. डॉक्टर म्हणाले, “एका बोटाने दाखवा.” मी बोट ठेवले ते कमरेखाली उजवीकडे जिथे खळी पडते तिथे, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावरही बोट तिथेच गेले. मग उताणे झोपवून, मांडी सरळ उभी धरून त्यांनी गुडघ्यावरून खाली दाब दिला, तसा नेमका तोच ठणका उठला. त्रिकास्थी आणि नितंबाचे हाड यांमधला सॅक्रोइलियाक सांधा दुखत होता. मणका त्रिकास्थीला जोडला की त्यावरचा भार याच सांध्यावर येतो. खात्रीसाठी एक्स-रेच्या पडद्यावर पाहत त्या सांध्यात भुलीचे औषध सोडले गेले आणि दर तासाचे दुखणे शून्य ते दहा अशा आकड्यात लिहायला मला एक कागद दिला. सातवरून दुखणे एकावर आले, आणि औषध उतरल्यावर संध्याकाळी पुन्हा सहावर गेले. दुखणे परतल्याचे वाईट वाटले, पण त्या कागदावर प्रथमच त्याचा पत्ता लिहिलेला होता.

उपचार या पत्त्यावर ठरतात. नसेचे जळजळणारे, मुंग्या आणणारे दुखणे असेल तर प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन किंवा ड्युलॉक्सेटिनसारखी औषधे देऊन पाहतात, जरी त्यांचा गुण सर्वांना येत नाही आणि गुंगीचा त्रास होतो. अफूवर्गीय वेदनाशामके दीर्घकाळ घेणे मला स्वतःला भीतीदायक वाटते, कारण मात्रा वाढत जाते आणि सवय जडते. पायातले दुखणे इतर उपायांना दाद देत नसेल, तर मज्जारज्जूजवळ बारीक तारा बसवून विजेचे सौम्य स्पंद देणारे उपकरण वापरतात, ज्याचा पहिला प्रयोग १९६७ मध्ये झाला. कायमचे बसवण्यापूर्वी काही दिवस तात्पुरते लावून पाहण्याची सोय असते, आणि मला ती फार मोलाची वाटते. पुन्हा शस्त्रक्रिया करायचीच असेल, तर स्पष्ट, दुरुस्त करता येणारे कारण सापडलेले असावे, कारण दर वेळी यशाची शक्यता घटत जाते.

माझ्या सांध्याला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले, आणि चार महिन्यांनी त्याचा परिणाम ओसरल्यावर रेडिओफ्रीक्वेन्सीने त्याच्या संवेदना वाहणाऱ्या बारीक नसा तापवून निकामी केल्या. सोबत नितंब आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम रोज सकाळी वीस मिनिटे चालू आहेत. ठणका अजून अधूनमधून उठतो, विशेषतः दीर्घकाळ बसल्यावर, पण खुर्चीतून उठताना आता हात टेकावे लागत नाहीत.