चार सेंटीमीटरचा रणगाडा

दुपारी डोळा लागायच्या आत काहीतरी हाताला उद्योग हवा म्हणून तो जोडायच्या मॉडेलचा डबा उघडला. डबा कसला, काडेपेटीचा थोरला भाऊ. आत हिरव्या प्लास्टिकची स्प्रू, म्हणजे सुटे भाग चिकटलेली चौकट, आणि घडी घातलेला एक कागद, बास. टी-60, दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत लाईट टँक, स्केल 1:100, आणि वर लिहिलंय की गोंद लागत नाही, नुसतं दाबून बसवा. लागतो. गोंद लागतोच. हे एकदा मान्य केलं की जीव शांत होतो.

या स्केलची मजा म्हणजे हिशोबाची कटकट नाही. खरा टँक 4.1 मीटर लांब, माझा 4.1 सेंटीमीटर. खऱ्याची उंची पावणेदोन मीटर, म्हणजे शेजारी उभा राहिलो असतो तर जेमतेम माझ्या डोक्याच्या थोडा वर आला असता. टँक म्हटलं की आपण उगाच काहीतरी अजस्र धरून चाललेलो असतो.

तर निपरने, म्हणजे छोट्या कापायच्या पकडीने, चौकटीतून तोफ कापली आणि टुण्णकन उडाली ती गेलीच. पंधरा मिनिटं मी गुडघ्यांवर, मोबाईलचा टॉर्च लावून, टेबलाखाली, खुर्चीखाली, मग परत टेबलाखाली. एक शर्टाचं बटण मिळालं आणि पेन्सिलचं तुटलेलं टोक, जे मी दोनदा तोफ समजून आनंदाने उचललं.

शेवटी स्प्रूचा एक तुकडा मेणबत्तीवर धरला. मऊ पडून चकाकायला लागला की ज्योतीवरून बाजूला घ्यायचा आणि दोन्ही टोकं सावकाश ओढायची, मधे बारीक तार निघते, गार झाली की हवी तेवढी कापायची. खरी तोफ 20 मिलिमीटरची, विमानातल्या तोफेवरून बेतलेली, म्हणजे स्केलने भोक 0.2 मिलिमीटर. किटमधली चांगली काडीएवढी जाड होती. त्यामानाने माझीच जास्त खरी, असं आपलं म्हणायचं.

आणि त्या मेणाच्या वासाने रिळाचा रणगाडा आठवला. तुम्हीही केला असेल. लाकडी रिळाच्या कडांना खाचा पाडायच्या, भोकातून रबरबँड ओवायचा, एका अंगाला काडीचा तुकडा अडकवायचा, दुसऱ्या अंगाला मेणबत्तीची चकती आणि लांब काडी, मग पीळ द्यायचा आणि ठेवायचा जमिनीवर. ते मेण नसलं ना, तर काडी रिळाला घासून अडकते आणि रणगाडा नुसते झटके खात बसतो. मेण असलं की गप्प, संथ, हट्टाने चालतो, पुस्तकावर चढतो, उशीला धडकून तिथेच खाचा घासत बसतो. आईच्या मशीनवरचं रीळ संपायची वाट बघणं मला जमलं नाही, अर्धा दोरा मीच उलगडून उशीच्या अभ्र्यात लपवला होता, पुढचं सांगत नाही. पण रीळ मिळालं. त्यावर मी ड्रायव्हर म्हणून मुंगळा बसवायचो. रणगाडा हलला की तो खाली उतरायचा आणि आपल्या वाटेने निघून जायचा, दर वेळी.

हा टी-60 काही चालत नाही. झाकणंसुद्धा उघडत नाहीत, स्वस्त किटमध्ये ती बंदच ओतलेली असतात. तसा मूळ टँकही स्वस्तातलाच. 1941 मध्ये जर्मन फौजा आत घुसत होत्या, तेव्हा लवकर आणि भरपूर बनवता यावा म्हणून ट्रकचे पार्ट वापरून, मोटारीच्या कारखान्यातही बनवलेला. वजन सहा टनांच्या आसपास, पत्रा पातळ. आत माणसं दोन. खाली ड्रायव्हर. वर टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात, एकटा कमांडर, त्यानेच बघायचं, त्यानेच नेम धरायचा, त्यानेच तोफ भरायची आणि झाडायची, आणि कुठे वळायचं ते ड्रायव्हरला सांगायचंही त्यानेच. टरेट मधोमध नाही, डावीकडे सरकलेलं, कारण उजवीकडे इंजिन. म्हणजे त्या माणसाच्या कोपराशी इंजिन धडधडत असणार.

वरचं झाकण रंगवताना मी ब्रश जरा बाजूला ठेवला. असे सुमारे 6,000 टँक बनले. गुणिले दोन करून बसलो, का कोण जाणे.

हरवलेली तोफ रात्री सापडली. माझ्याच बाहीच्या दुमडीत होती. लावणार नाहीये आता.