मार्लिन ३३६ ची चाल मऊ करताना

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. त्याआधी, ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी, मी माझी मार्लिन ३३६ टेबलावर जुने चादरीचे कापड अंथरून उघडतो. ही १९७०च्या दशकातली, ३०-३० काडतुसाची रायफल मी दुसऱ्याकडून विकत घेतली. तेव्हा तिची लिव्हर, म्हणजे काडतूस बदलण्यासाठी ओढायची चापाभोवतीची दांडी, खाली ओढताना मध्येच अडखळे आणि आतून खरखर ऐकू येई. स्प्रिंगा कापून हलक्या करण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला होता. तो मी मानला नाही, आणि आजही कोणी मानू नये असे मला वाटते.

काम सुरू करण्यापूर्वी सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. नळीखालच्या मॅगझिनमध्ये (काडतुसे साठवणाऱ्या नळकांड्यात) एखादे काडतूस अडकून राहू शकते, म्हणून लिव्हर अनेकदा चालवून, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेत) बोट घालून आणि मॅगझिनमधला फॉलोअर (काडतुसे मागे ढकलणारा तुकडा) डोळ्यांनी पाहून खात्री करावी. त्यानंतर लिव्हर अर्धी उघडून तिचा एकच स्क्रू काढला की लिव्हर बाहेर येते, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता ठोकळा) मागे सरकवून काढता येतो आणि रिसीव्हरच्या (हे भाग सामावणाऱ्या मधल्या सांगाड्याच्या) डाव्या भिंतीवरचा, काडतूस बाहेर फेकणारा इजेक्टर सुटा होतो. स्क्रूच्या खाचेत नेमके बसणारे, सपाट टोकाचे स्क्रूड्रायव्हर यासाठी हवेतच. घरातल्या निमुळत्या टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने खाचेच्या कडा फुटतात आणि ती जखम कायम राहते. १९४८ साली बाजारात आलेल्या या रचनेचा मोठा गुण म्हणजे बोल्ट निघाल्यावर नळी मागच्या बाजूने साफ करता येते. विंचेस्टर ९४ या दुसऱ्या लिव्हरच्या रायफलीत साफसफाईची सळई सहसा तोंडाकडूनच घालावी लागते, आणि ती घासून नळीच्या तोंडाची कड झिजली तर नेम बिघडतो.

माझ्या रायफलीतला निम्म्याहून अधिक अडखळा केवळ जुन्या, गोंदासारख्या घट्ट झालेल्या तेलाचा होता. सॉल्व्हंट, पितळी ब्रश आणि कापडाचे तुकडे यांनी तो गेला. उरलेली खरखर मात्र धातूची होती. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात फिटर होते. कानस मारून झाल्यावर ते प्रत्येक कडेवरून अंगठ्याचे नख फिरवत आणि नख अडकले की तिथे ‘बर’, म्हणजे धातूचा उठलेला बारीक कंगोरा, आहे असे म्हणत. तीच पद्धत मी इथे वापरली. लिव्हर उघडताना बोल्ट मागे येतो आणि त्याचा तळ घोड्याला (चाप ओढल्यावर आघात करणाऱ्या हातोडीला) दाबून मागे नेतो. हातावर सर्वांत जास्त जोर तिथेच पडतो. बोल्टच्या त्या तळावर आणि घोड्याच्या माथ्यावर मशीनच्या आडव्या रेघा नखाला स्पष्ट लागत होत्या. ६०० नंबरचा, मग १००० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी पट्टीला गुंडाळून, तेल लावून, मी फक्त चालीच्या दिशेने हात फिरवला आणि रेघांचे शेंडे जाताच थांबलो. पृष्ठभाग आरशासारखा होईपर्यंत घासण्याची गरज नसते, कारण एकदा गेलेला धातू परत आणता येत नाही.

लिव्हरच्या पुढच्या भागाची एक टोकदार कड कॅरिअरच्या (काडतूस उचलून चेंबरसमोर आणणाऱ्या भागाच्या) तळावर घासून तिथे खाच पाडते, आणि ती खोल झाली की रायफल काडतूस भरताना मध्येच अडकते. मार्लिन वापरणाऱ्यांत हा दोष फार परिचित आहे. ती कड बारीक दगडाने केवळ मोडावी, गोल करण्याच्या नादात तिचा आकार बदलू नये. काडतुसे भरण्याच्या झडपेची कड अंगठा कापत असेल तर तीही अशीच मोडता येते. घोडा ज्या खाचेवर अडतो ती खाच, चापाचे टोक आणि लिव्हर पूर्ण मिटल्याशिवाय चाप ओढू न देणारा अडसर या तिन्हींना मात्र मी पॉलिश पेपर लावत नाही. ते काम तज्ज्ञ बंदूक-कारागिराचे आहे, कारण तिथला किंचितसा फरकही घोडा आपोआप सुटण्याचे कारण ठरू शकतो.

पॉलिशची सगळी भुकटी धुऊन काढल्यावर घासणाऱ्या जागांवर तेलाचा एखादा थेंबच पुरे होतो. इथल्या नोव्हेंबरच्या थंडीत जास्तीचे तेल घट्ट होते आणि चाल पुन्हा जड करते. जोडताना इजेक्टर आधी जागेवर बसवावा, मग बोल्ट थोडा आत सरकवून लिव्हरचे टोक त्याच्या खाचेत घालावे. पहिल्या वर्षी मी इजेक्टर विसरलो होतो आणि सगळे पुन्हा उघडावे लागले. त्यानंतर खोटी काडतुसे भरून मी लिव्हर वीस-पंचवीस वेळा, आधी सावकाश आणि मग शिकारीतल्या वेगाने चालवतो, आणि प्रत्येक काडतूस उजवीकडे स्वच्छ बाहेर पडते की नाही ते पाहतो. या वर्षी सगळी पडली, आणि लिव्हर एका बोटाने खालपर्यंत गेली.