बकरीवर पडलेला माणूस

सान्तियागोहून निघालेलं विमान इतकं छोटं होतं की वैमानिकाच्या खांद्यावरून समोरचं सगळं दिसत होतं. चिलीच्या किनाऱ्यापासून साधारण ६७० किलोमीटर आत, पॅसिफिकमध्ये, एकदम सुळक्यांचं बेट उभं राहिलं. धावपट्टी बेटाच्या एका टोकाला, गाव दुसऱ्या बाजूला, मधला प्रवास होडीने. खडकांवर फर सील लोळत होते. त्यांचे फोटो काढायचे राहूनच गेले, कारण होडीत बसल्यापासून माझं सगळं लक्ष पोटातल्या ढवळण्याकडे होतं.

१९६६ साली या बेटाला रॉबिन्सन क्रूसो हे नाव दिलं गेलं. मी मुलांसाठी गोष्टी लिहितो, पण खरं सांगायचं तर त्या नावाची कादंबरी मला लहानपणी कंटाळवाणी वाटली होती. मी आलो होतो अलेक्झांडर सेलकर्कसाठी. हा स्कॉटिश खलाशी; याच्यावरूनच ती कादंबरी सुचली असं मानतात. १७०४ साली ‘जहाज कुजलंय, यापेक्षा मला इथेच सोडा’ असं तो कप्तानाला म्हणाला आणि कप्तानाने खरोखरच सोडलं. मग मात्र त्याचं अवसान गळालं, पण तोवर उशीर झाला होता. (ते जहाज पुढे बुडालं. बरोबर असूनही एकटं पडायचं, याचा राग मुलांना मोठ्यांपेक्षा चांगला कळतो.)

गावातून त्याच्या टेहळणीच्या खिंडीपर्यंत साडेपाचशे मीटरचा चढ आहे. पावसाने वाट लोण्यासारखी झालेली. दोन्हीकडे नेचे, आणि मधूनच विटकरी रंगाचा एक हमिंगबर्ड. याची जात जगात फक्त याच बेटसमूहावर सापडते. त्याच्याकडे बघत चालायला गेलो आणि सपशेल आपटलो.

माझ्याखाली चिखल होता. सेलकर्कच्या खाली बकरी होती. बंदुकीची दारू संपल्यावर तो रानबकऱ्या धावून पकडायचा. एकदा बकरी हाती लागली आणि दोघंही कड्यावरून कोसळली. शुद्धीवर आला तेव्हा बकरी त्याच्या अंगाखाली मरून पडली होती. कसाबसा रांगत झोपडीत गेला आणि दहा दिवस हलू शकला नाही. हे सगळं त्याला सोडवणाऱ्या वूड्स रॉजर्सने १७१२ साली छापलेल्या वृत्तांतात आहे. रात्री उंदीर त्याचे पाय आणि कपडे कुरतडायचे, म्हणून त्याने रानमांजरं माणसाळवली. एकदा स्पॅनिश खलाशी मागे लागले, तेव्हा तो झाडावर लपला. ते त्याच झाडाखाली लघवी करून निघून गेले.

ही शेवटची गोष्ट मी पुढे एका वर्गात सांगितली, तेव्हा दोन मिनिटं कोणी पुढचं ऐकायला तयार नव्हतं!

खिंडीत वारा असा की धड उभं राहता येईना. एका ब्रिटिश युद्धनौकेच्या अधिकाऱ्यांनी १८६८ साली बसवलेली सेलकर्कची स्मृतिपाटी आहे. इथून बेटाच्या दोन्ही अंगांचा समुद्र दिसतो. चार वर्षं चार महिने तो जहाजाची वाट बघत होता. १७०९ च्या फेब्रुवारीत जहाज आलं, तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं, शब्द अर्धेच तोंडातून निघायचे. बूट घातले तर पाय सुजले. मी तिथे जेमतेम वीस मिनिटं बसलो असेन, तेवढ्यात थंडीने दात वाजायला लागले आणि डब्यातलं सगळं संपलं.

उतरून गावात आलो. २७ फेब्रुवारी २०१० च्या पहाटे इथे त्सुनामी आली होती. त्या रात्री बारा वर्षांच्या एका मुलीला हलका धक्का जाणवला. तिने बंदराकडे पाहिलं, तर होड्या एकमेकींवर आदळत होत्या. ती चौकाकडे धावली आणि तिथली घंटा बडवू लागली. तिच्यामुळे अनेकजण वेळेत डोंगरावर चढले.

त्या संध्याकाळी मी चौकापासून पाण्यापर्यंतची पावलं मोजत दोनदा चाललो. सेलकर्कसाठी आणलेली वही तोपर्यंत उघडलीच नव्हती. तिच्या पहिल्या पानावर मी होड्यांचं आदळणं लिहिलं.