तुम्ही विचारलंत म्हणून: वीज कोळशाचीच, मग ईव्हीचा फायदा काय?

ईव्हीचा, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीचा, विषय निघाला की हा प्रश्न येतोच, "अहो पण वीज तर कोळसा जाळूनच बनते ना, मग धूर इथला तिथे गेला एवढंच की!" प्रश्न अगदी रास्त आहे.

आणि खरंय, ग्रिड, म्हणजे घरोघरी वीज पोचवणारं जाळं, पूर्ण कोळशावर चालत असेल तर कार्बनच्या हिशोबात फायदा फार मोठा नाही, त्यात बॅटरी बनवतानाच बरंच उत्सर्जन झालेलं असतं. पण पेट्रोल इंजिनाचं बघा, इंधनातल्या ऊर्जेपैकी जेमतेम 20 ते 30 टक्के चाकांपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन वाया, आणि 1 लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच, गाडी नवी असताना आणि जुनी झाल्यावरही. इलेक्ट्रिक मोटर मिळालेली बहुतेक वीज चाकाला देते, ब्रेक मारला की थोडी परत बॅटरीत भरते, आणि वीज कशापासून आलीय याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. म्हणजे ग्रिडमध्ये सोलर आणि पवनचक्क्या वाढत गेल्या की तीच जुनी गाडी, एक नटही न बदलता, जास्त स्वच्छ होत जाते. पेट्रोल गाडीचं हे कधीच होणार नाही, माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. नॉर्वेत बहुतेक वीज पाण्यावर बनते, आणि तिथे 2024 मध्ये विकलेल्या नव्या 10 कारमधल्या जवळपास 9 पूर्ण इलेक्ट्रिक होत्या.

गाडी चार्ज कधी करायची हे मात्र कुणीच विचारत नाही! सोलर वीज दुपारी भरपूर असते, संध्याकाळी सूर्य मावळतो, मागणी चढते आणि नेमके तेव्हाच सगळे घरी येऊन प्लग लावतात, मग ती जास्तीची वीज बऱ्याच ठिकाणी कोळसा नाहीतर गॅसच्या केंद्रातूनच येते. म्हणून ऑफिसच्या आणि स्टेशनच्या पार्किंगमध्ये चार्जर हवेतच.

आणि ट्रेनला तर बॅटरीही लागत नाही, वीज थेट वरच्या तारेतून, शिवाय लोखंडी रुळावर लोखंडी चाक म्हणजे घर्षण अगदी कमी. नेदरलँड्समध्ये 2017 पासून प्रवासी इलेक्ट्रिक ट्रेनसाठी लागेल तेवढी सगळी वीज पवनऊर्जेची घ्यायला लागले. त्यामुळे कोणती ईव्ही घेऊ असं विचाराल तर मी आधी विचारेन, रोजच्या वाटेवर ट्रेन किंवा इलेक्ट्रिक बस आहे का? असेल तर गाडीची घाई करू नका, नसेल तर दिवसा गाडी जिथे उभी असते तिथे चार्जर मिळतोय का ते आधी बघा.